मलम लावण्याआधी: कातडीवरून आतला आजार कसा ओळखायचा

मानेवर काळपटपणा आला की लिंबू चोळायचं, लेकराच्या गालावर पांढरट डाग दिसला की जंताचं औषध पाजायचं, अंगावर पुरळ उठलं की 'उष्णता झाली' म्हणून सब्जा प्यायचा आणि खाज थांबेना की मेडिकलवरून ट्यूब आणायची. सब्जानं फारसं बिघडत नाही. ट्यूबनं बिघडतं. मेडिकलवर मिळणाऱ्या खाजेच्या बहुतेक मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. ते दोन दिवसांत लाली आणि खाज दाबतं, आजार मात्र तसाच राहतो आणि डॉक्टरांसमोर जाईपर्यंत कातडीवरची खूण अर्धी पुसलेली असते. नायट्याची ठसठशीत गोल कड विरते, बुरशी मात्र मांडीभर पसरते. कुष्ठरोगाचा लालसर चट्टा काही दिवस फिका पडतो आणि 'बरं झालं' असं वाटून सहा महिने निघून जातात.

म्हणून पहिली पायरी म्हणजे ट्यूबवरचं नाव वाचणं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. स्वतःच्या मनानं लावत असाल तर थांबवा आणि रिकामी ट्यूब जपून ठेवा, ती डॉक्टरांना दाखवायची आहे. डॉक्टरांनी सोरायसिससारख्या आजारासाठी दिलं असेल तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. एकदम सोडलं की आजार उसळतो.

पाहायचं कसं

घरातल्या ट्यूबलाइटखाली कातडी खोटं बोलते. सकाळी ओट्यावर किंवा खिडकीशी, ऊन थेट अंगावर न घेता, भरपूर उजेडात पाहा. तेल, पावडर, हळद काही लावलेलं नको. माणूस दाखवेल तेवढीच जागा पाहून भागत नाही. तळहात, तळपाय, नखं, तोंडाच्या आतला भाग, कानामागं, काखेत, जांघेत आणि कमरेला नाडी जिथं बांधतो ती रेषही पाहायची. बायका पुरुष डॉक्टरांना पाठ, छाती दाखवत नाहीत, म्हणून हे काम घरातल्या बाईनं किंवा आशाताईंनी आधी केलेलं बरं.

मग तीन गोष्टी करा. डागावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबा: लाली गेली तर रक्तवाहिन्या फुगलेल्या आहेत, ठिपका तसाच राहिला तर रक्त कातडीत झिरपलेलं आहे. कापसाच्या टोकानं स्पर्श तपासा. आणि विचारा, ताप, वजनात घट, सांधेदुखी, पाळीत बदल, नवीन सुरू केलेलं औषध यांतलं काही आहे का? या प्रश्नांचं उत्तर 'हो' आलं की प्रकरण नुसत्या कातडीचं राहत नाही.

फिकट चट्टा: इथं घाई नको, उशीरही नको

पांढरा डाग म्हणजे कोड, असं धरून घरं हादरतात. दुधासारखा पांढराशुभ्र, स्वच्छ कडेचा, स्पर्श शाबूत असलेला डाग असेल तर कोडाची शक्यता मोठी. कोड संसर्गानं पसरत नाही. पण कोड असलेल्यांत थायरॉइडचे आजार जास्त दिसतात, म्हणून एकदा टीएसएच तपासून घ्यावं. पाठीवर, छातीवर फिकट, बारीक कोंडा निघणारी शिबं ही साधी बुरशी. लेकरांच्या गालावरचे कोरडे फिकट डाग बहुधा कोरड्या कातडीचे असतात, जंतांचे नाहीत.

आता कुष्ठरोगाचा चट्टा. तो पांढराशुभ्र नसतो, भोवतालच्या कातडीपेक्षा फिकट किंवा तांबूस असतो. खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतो. त्याची एक खूण मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यात डोळ्यांनी दिसते: सगळा हात घामानं चकाकत असतो आणि चट्ट्यापुरती कातडी कोरडी ठणठणीत. तिथली लवही गळालेली असते.

स्पर्शाची तपासणी नीट केली तरच उपयोगाची. कापसाची बारीक वात करा. माणसाला आधी उघड्या डोळ्यांनी चांगल्या कातडीवर स्पर्श दाखवा आणि सांगा, 'असं लागलं की त्या जागी बोट ठेव.' मग डोळे मिटायला लावा. चांगली जागा, चट्टा, परत चांगली जागा असं उलटसुलट करा. कापूस फक्त टेकवायचा, ओढायचा नाही. ओढला की शेजारच्या चांगल्या कातडीला कळतं. 'लागतंय का?' असं विचारायचं नाही, कारण भीतीनं माणूस 'हो' म्हणतो. बोट चट्ट्यावर आलंच नाही, किंवा भलतीकडे गेलं, तर त्या चट्ट्याला बधिरता आहे. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात मात्र स्पर्श शाबूत असला तरी कुष्ठरोग नाही असं म्हणता येत नाही. चेहऱ्याला मज्जातंतूंचं जाळं दाट आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत जी नस लागते तीही चाचपून पाहा. एका बाजूची दोरीसारखी जाड आणि दुखरी लागली, करंगळी आखडू लागली, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आणखी एक रूप फसवं असतं. चट्टा कुठंच नाही, पण चेहरा तेलकट चकाकतो, कानाच्या पाळ्या जाड झाल्यात, भुवयांचे बाहेरचे केस गेलेत, नाक सतत चोंदतं. माणूस 'तब्येत सुधारली' असं म्हणून घेत असतो. हा जंतूंची संख्या जास्त असलेला प्रकार आहे आणि त्यात बधिरता उशिरा येते.

एक ते पाच चट्टे असतील तर उपचार साधारण ६ महिने, पाचांहून जास्त असतील किंवा कातडीच्या तपासणीत जंतू सापडले तर १२ महिने. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उपचारात नेमकं काय अडतं ते आधीच माहीत असलेलं बरं. महिन्याच्या मोठ्या डोसनंतर लघवी लाल होते, घाबरायचं नाही. या गोळ्यांतल्या क्लोफाझिमिननं कातडी काळसर-तांबूस होते, ती गोळ्या संपल्यावर काही महिन्यांत निवळते. उपचार चालू असताना चट्टे अचानक सुजून लाल झाले, नस ठणकू लागली तर ती बहुतेक वेळा 'रिॲक्शन' असते, औषधाची ॲलर्जी नव्हे. गोळ्या सोडायच्या नाहीत. नस वाचवण्यासाठी दोन-चार दिवसांत तोंडावाटे स्टेरॉइड सुरू व्हावं लागतं. याला अपवाद एकच: पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ आणि डोळे पिवळे असं एकत्र झालं तर ती याच गोळ्यांतल्या डॅप्सोनची गंभीर ॲलर्जी असू शकते. तेव्हा गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात.

बीड, जालना, धाराशिवकडची माणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीला जातात आणि इथंच बहुतेकांचा कोर्स तुटतो. निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगून कार्ड सोबत घ्या. कारखान्याच्या तळाजवळच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवून पुढचं पाकीट मागता येतं.

मान, काख आणि बोटांचे सांधे

मानेमागं काळपट, जाडसर, हात फिरवला तर मखमलीसारखी लागणारी कातडी हा मळ नव्हे. दगडानं घासून ती जात नाही, उलट आणखी काळी होते. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्शुलिन वाढतं आणि ते कातडीच्या पेशींना वाढायला लावतं. सोबत मानेवर, काखेत लोंबते बारीक मस असतील तर शंका पक्की. दहा-बारा वर्षांच्या जाडसर मुलांतही हे दिसतं. मुलीची पाळी ३५ दिवसांहून लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएस या अंडाशयाच्या विकाराचीही तपासणी करावी.

तपासणी अशी: उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर मधुमेहाच्या आधीची पायरी, १२६ किंवा जास्त तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ५.७ ते ६.४ म्हणजे पायरी, ६.५ आणि वर मधुमेह. लक्षणं ठळक नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा तपासतात. इथं एक मेख आहे. लोहाची कमतरता असलेल्या बाईत ही सरासरी खोटी वाढलेली दिसू शकते. म्हणून हिमोग्लोबिन कमी असेल तर साखर उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनीही मोजून घ्या. दोन तासांनंतर १४० ते १९९ पायरी, २०० पासून पुढं मधुमेह. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी मानेचा काळेपणा फिका पडू लागतो, क्रीम न लावता.

सडपातळ, पन्नाशी उलटलेल्या माणसाला हीच काळी मखमल काही महिन्यांत अचानक आली, तळव्यांवर-ओठांवर पसरली आणि वजन घटतंय, तर साखरेवर थांबू नका. पोटाच्या कर्करोगाची ती खूण असू शकते. दुर्बिणीची तपासणी लागते.

बोटांच्या सांध्यांवर, नखांच्या मुळाशी काळेपणा, जिभेची आग, पायाला मुंग्या हे तिन्ही शाकाहारी माणसात दिसलं तर बी-१२ तपासा. माळकरी घरांत हे वारंवार दिसतं. २०० पिकोग्रॅमच्या खाली पातळी कमी धरतात. आधी इंजेक्शन घेऊन मग तपासणी केली तर आकडा फुगलेला येतो आणि निदान हुकतं. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडणं, सतत थकवा, उठताना चक्कर, मिठाची ओढ ही मात्र वेगळी गोष्ट: मूत्रपिंडावरच्या ग्रंथी नीट काम करत नसतील. हे लक्षण दिसल्यावर थांबायचं नाही.

उन्हातलं पुरळ: गाजरगवत, ल्युपस की पोषण

शेतात काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पुरळ आलं की सगळे उन्हाला दोष देतात. आरशात हनुवटीच्या खाली पाहा. ऊन तिथं पोचत नाही. वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग, कानामागची घडी, कोपराची वळी इथंही कातडी जाड, खाजरी झाली असेल तर ते हवेतून येणाऱ्या कणांचं काम आहे, आणि आपल्याकडे त्यातलं पहिलं नाव गाजरगवताचं. सोयाबीन काढताना, कापूस वेचताना वाळलेल्या गवताची भुकटी उडते ती या घड्यांत बसते. हा आतला आजार नाही. त्वचारोग विभागात पाठीवर पट्टी लावून तो सिद्ध करता येतो. गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटायचं आणि शेतातून आल्यावर आधी अंघोळ करायची.

उलट या सावलीच्या जागा स्वच्छ आणि गाल-नाकावर लाली असेल तर पुढचा प्रश्न: नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी लाल आहे का? ती घडी सुटलेली, सोबत सांधे दुखणं, केसांचे पुंजके जाणं, तोंडात टाळूला न दुखणारे फोड, बारीक ताप आणि रुग्ण १५ ते ४५ वयाची बाई, तर ल्युपसचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) विचार व्हायलाच हवा. याला 'वांग' समजून गोरेपणाची क्रीम लावत बसतात. वांग तपकिरी असतो, आग होत नाही, ताप नसतो. ल्युपसमध्ये पहिली आणि स्वस्त तपासणी लघवीची. प्रथिन जात असेल, लघवीला फेस येत असेल तर मूत्रपिंडावर परिणाम सुरू झालाय आणि उशीर परवडत नाही. त्यानंतर रक्ताच्या पेशी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि एएनए (ल्युपससाठीची रक्ततपासणी).

तिसरं कारण या मातीशी जुळलेलं आहे. हाताच्या पाठी, पायाची वरची बाजू आणि गळ्याभोवती हारासारखी पट्टी, दोन्ही बाजूंना सारखी, भाजल्यासारखी काळी, स्पष्ट कडेची. सोबत जिभेची आग, जुलाब, चिडचिड किंवा भ्रम. हा पेलाग्रा, नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. दख्खनच्या पठारावर निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो दिसे. हैदराबादच्या प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाच्या जास्त प्रमाणाशी जोडला. पुढं या कारणावर संशोधकांत मतभेद झाले. भाकरी सोडायची काही गरज नाही, तिच्याबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध, अंडं असलं की झालं. आज पेलाग्रा मुख्यतः रोजच्या दारूड्यांत दिसतो, आणि कधी टीबीची आयसोनायझिड गोळी चालू असलेल्या कुपोषित रुग्णात. डॉक्टर साधारण ३०० मिलिग्रॅम निकोटिनामाइड (नायसिनचंच एक रूप) दिवसभरात विभागून तीन-चार आठवडे देतात. जिभेची आग दोन दिवसांत थांबू लागते, कातडीला वेळ लागतो.

खाज आहे, पुरळ नाही

आधी खरूज काढून टाका. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात बारीक पुटकुळ्या, घरात आणखी कुणाला खाज. हे असेल तर परमेथ्रिन ५ टक्के मलम गळ्यापासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर लावून सकाळी धुवायचं आणि आठवड्यानं पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. एक जण राहिला की खरूज परत येते.

अंगावर खाजवल्याचे ओरखडे सोडून काहीच नाही आणि खाज सहा आठवड्यांहून जास्त, तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन आणि पेशी, लिव्हर, क्रिएटिनिन, साखर, टीएसएच. पित्तमार्ग अडला तर कातडी पिवळी दिसण्याआधीही खाज सुटते. लघवी गडद आणि शौच पांढरट आहे का ते विचारा. डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात पिवळा दिसला की कावीळ समजा. नुसते तळहात पिवळे, डोळे पांढरे असतील तर गाजर-पपई जास्त खाण्यात असते. कावीळ 'उतरवायला' जायचं तर आधी रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचा आकडा) तपासून जा; गळ्यातली माळ वाढते आणि पित्तनळीतला खडा तिथंच राहतो. रात्री कपडे भिजतील इतका घाम, वजन घटणं आणि मानेत गाठी असतील तर लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आणि टीबी दोन्हींची तपासणी.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडची तपासणी करण्याआधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा. त्यांनी आकडे चुकतात.

ताप आणि ठिपके

तापात ग्लास दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले तर प्लेटलेट त्याच दिवशी. डेंग्यूत ताप उतरल्यावर धोका टळला असं वाटतं, खरी कसोटी मात्र तेव्हाच सुरू होते. पोटात कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, बेचैनी दिसली की भरती करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन देऊ नका, तापाला पॅरासिटॅमॉलच.

पावसाळ्यात आणि नंतरच्या थंडीत, शेतात-झुडपात काम करणाऱ्याचा पाच दिवसांहून जास्त ताप असेल तर काख, जांघ, स्तनाखाली, कमरेची नाडी, गुडघ्यामागं नीट शोधा. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली, भोवती लाल कडं, न दुखणारी. ती स्क्रब टायफसची (झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप) खूण. माणसाला स्वतःला ती माहीतही नसते. पहिल्या आठवड्यात रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून खपली दिसली की डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात आणि ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.

फिटची, गाऊटची (युरिक ॲसिडच्या सांधेदुखीची) किंवा सल्फाची गोळी सुरू करून एक ते आठ आठवडे झालेत आणि तोंड सोलतंय, डोळे लाल, कातडी दुखते आणि निघते आहे, तर ती गोळी लगेच बंद करून थेट मोठ्या रुग्णालयात. गावातल्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावून पाहू नका.

नागीण, गळवं, नखं

नागिणीला गेरू लावतात आणि 'तोंडाला तोंड मिळालं की माणूस जातो' म्हणतात. तसं काही नसतं. ७२ तासांच्या आत ॲसायक्लोविर (प्रौढाला ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाचदा, ७ दिवस) सुरू झालं तर फोड लवकर आटोक्यात येतात. किडनीचा आजार असेल तर डोस बदलतो, म्हणून डॉक्टरांकडूनच. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळा तपासायचाच. तिशीतल्या माणसाला नागीण झाली, किंवा तोंडात पांढरा थर राहतो, तर साखर आणि एचआयव्ही दोन्ही पाहावं. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी फुकट आणि गुप्त होते. गळवं, केस्तुडं पुन्हा पुन्हा होणं, गुप्तांगाला सतत खाज, न हटणारा नायटा हेही साखर मोजायचं कारण.

नखाचा खळगा चमच्यासारखा, पाण्याचा थेंब टिकेल इतका, तर लोह कमी. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत नुसत्या गोळ्या देऊन थांबू नये, रक्त जातंय कुठून ते शोधावं. दोन्ही अंगठ्यांची नखं पाठीला पाठ लावून धरा. मधे हिऱ्याच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. फट बुजली असेल तर छातीचा एक्स-रे काढा. पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळे उंचवटे असतील तर कोलेस्टेरॉल.

ओपीडीला जाताना

पुरळ येऊन-जाऊन असेल तर उजेडात, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढा, माप कळतं. लावलेल्या सगळ्या ट्यूब, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सांधेदुखीच्या 'आयुर्वेदिक' पुड्यासुद्धा न्या. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. चेहरा गोल, पोटावर जांभळट रेषा, धक्का न लागता काळेनिळे डाग, वाढलेली साखर ही त्याची खूण. महिनोन्महिने घेत असाल तर ती पुडीही एका रात्रीत बंद करू नका. रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो, डॉक्टर हळूहळू कमी करून देतील. कातडीचा तुकडा तपासायचा असेल तर त्या जागेवर किमान दोन आठवडे स्टेरॉइड मलम नको. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात, नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. सकाळी लवकर पोचा आणि साखर तपासायची असेल तर उपाशीपोटी जा, म्हणजे एकाच फेरीत रक्त देऊन होईल.